हो किंवा नाही

इस्पितळाची चादर एकट्या माणसाला घडी घालता येत नाही. जाड, रुंद, खळ दिलेली; तिला दोन बायका लागतात. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, मागं सरकत चादर ताणायची, एकदा झटकायची, मग पुढं चालत येऊन कोपऱ्याला कोपरा लावायचा. पुन्हा मागं, पुन्हा पुढं. त्या मोठ्या धुलाईखान्यात अशा जोड्या ठरलेल्या असत आणि वर्षानुवर्षं टिकत. घर बदललं, नवरा बदलला, पण घडीची जोडीदारीण बदलली नाही अशाही बायका तिथं होत्या. मागं गेलं की वाफेच्या यंत्रांच्या सुसाट्यात काही ऐकू येत नसे. म्हणून एकेक वाक्य तोंडात घेऊन पुढं यायचं, कोपरे जुळताना ते देऊन टाकायचं आणि उत्तर घेऊन मागं जायचं. आता तसली यंत्रं राहिली नाहीत आणि तसं बोलणंही राहिलं नाही.

अक्काची जोडीदारीण होती चिमणी. अंगकाठी चिमणीएवढी आणि बोलणंही तसंच, म्हणून नाव पडलं ते पडलंच. खरं नाव पगाराच्या दिवशी मुकादम पुकारायचा तेव्हा ती स्वतःसुद्धा क्षणभर इकडं-तिकडं बघायची. नवरा मागंच परागंदा झालेला. एक लेक होती, नऊ-दहा वर्षांची, आणि तिला फिट यायच्या. डॉक्टरांनी तपकिरी बाटलीतलं औषध दिलं होतं, सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा. चमचा पाजला की चिमणी लेकीच्या डोक्यावर हात ठेवायची, डोळे मिटायची आणि देवाला सांगायची, आजचा दिवस सांभाळ.

"काल आली का?" अक्का कोपरा देताना विचारायची.

"नाही आली."

मागं. पुढं.

"थंडी संपल्यापासून एकदाही नाही. देव आहे, अक्का."

"आणि बाटली?"

मागं. पुढं.

"बाटली कुणी धाडली मग? देव काय स्वतः चमचा घेऊन येणार आहे? त्याला तेवढंच काम आहे?"

अक्का हसायची आणि सोडून द्यायची. तिचा स्वतःचा देवावर विश्वास नव्हता, तिच्या घरात तो कुणाचाच नव्हता. पण चिमणीच्या देवाला चमचा धरायला डॉक्टर लागत असला तर लागू दे, असं तिला वाटे. पोर हसत-खेळत होती ना? मग झालं.

अक्काच्या घरातून देव गेला त्याला कारण होतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा अक्का जेमतेम मोठी झाली होती आणि धाकटा भाऊ अगदी लहान होता. कुणाच्या तरी सांगण्यावरून एक धर्माचा माणूस घरी येऊ लागला. त्यानं त्या पोराला रोज आईच्या उशाशी उभं करून प्रार्थना म्हणायला लावली. आई गेली त्या दिवशी तो पोराला बाजूला घेऊन म्हणाला, तुझं मन पूर्ण नव्हतं बाळ, अर्धं होतं, म्हणून असं झालं. एवढंसं पोर ते. त्यानंतर कितीतरी दिवस ते भिंतीकडं तोंड करून झोपायचं. अक्कानं त्याला वाढवलं, शिकवलं, आणि ते पोर मोठं झाल्यावर देवाच्या मागं हात धुऊन लागलं, तेव्हा तिला नवल वाटलं नाही.

भाऊ नकाशाच्या कचेरीत कारकून होता. आठवडाभर मान खाली घालून रेघा मारायचा आणि रविवारी मान वर करायचा. एका जुन्या हॉलमध्ये त्याची सभा भरे. त्यात भाषण थोडं आणि खुर्चीच जास्त. व्यासपीठावर एक साधी लाकडी खुर्ची ठेवलेली असे. ज्याचा देवावर विश्वास असेल त्यानं येऊन बसावं. भाऊ प्रश्न विचारणार, बसणाऱ्यानं फक्त हो किंवा नाही म्हणायचं. कुणी "हो, पण" असं सुरू केलं की भाऊ शांतपणे म्हणायचा, "'पण' बाहेर ठेवून या." लोक खळखळून हसायचे. पुढंपुढं तर तेवढंच ऐकायला यायचे.

भाऊ कधी हरला नाही. अक्का मागच्या बाकावर बसून बघायची आणि तिची छाती भरून यायची. पण हळूहळू तिच्या एक गोष्ट ध्यानात येऊ लागली. ज्यांनी भाऊला उत्तर दिलं असतं अशी माणसं खुर्चीवर बसायला कधी येतच नव्हती. ती घरी पुस्तकं वाचत बसलेली असत. येत ते भाजीवाले, म्हातारे चौकीदार, नुकत्याच विधवा झालेल्या बाया. त्यांना चीत करायला भाऊला निम्मी बुद्धीसुद्धा लागत नसे, आणि तरी तो सगळी वापरायचा.

मग तेही यायचे कमी झाले. घाबरले म्हणा, शहाणे झाले म्हणा. दोन रविवार खुर्ची रिकामी राहिली आणि लोक जांभया देत उठून गेले. तिसऱ्या रविवारच्या आधी भाऊ जेवताना म्हणाला, "अक्का, तुझ्याकडं एवढ्या बायका आहेत. एखादीला आण ना."

"कशाला उगाच?"

"तिचं भलंच होईल. डोळे उघडतील."

"आणि नाही उघडले तर?"

"तर काय, जशी होती तशी घरी जाईल. मी काय खातो तिला?"

चिमणीला तर हौसच होती. व्यासपीठावर बसायचं, चार माणसांसमोर लेकीची गोष्ट सांगायची, देव कसा आहे ते सांगायचं. हो आणि नाहीचा नियम अक्कानं तिला सांगितला होता. पण चिमणीला वाटलं, नियम नियमाच्या जागी. एकदा बसल्यावर बोलू देतीलच की. रविवारी ती निळा झगा घालून आली. कॉलर स्वतःच्या हातानं खळ देऊन अशी कडक केली होती की मान वळवायची पंचाईत.

"तुमचा देवावर विश्वास आहे?" भाऊनं सुरुवात केली.

"हो."

"पूर्ण?"

"हो तर."

"तो सर्वशक्तिमान आहे?"

"हो."

"तो तुमच्या मुलीला बरं करेल?"

"हो."

"मुलीला औषध देता?"

"हो, पण..."

"'पण' बाहेर ठेवून या, बाई."

हॉल हसला. चिमणीही कसनुशी हसली. त्या 'पण'च्या पुढं काय होतं ते त्या सगळ्या हॉलमध्ये एकट्या अक्काला ठाऊक होतं. चादरीच्या कोपऱ्याशी तिनं ते किती वेळा ऐकलं होतं. उठून सांगावं असं तिला वाटलं. पण भावाच्या सभेत बहिणीनं उठायचं म्हणजे कसं दिसेल, म्हणून ती बसून राहिली.

"देता की नाही?"

"देते."

"दोन वेळा?"

"हो."

भाऊ लोकांकडं वळला. जरा थांबला. त्याला थांबता फार छान यायचं. "म्हणजे देवाचं काम कच्चं राहील म्हणून वर दोन चमचे. बाई, तुमच्यापेक्षा मी बरा. मी त्याला मानत नाही, पण त्याचा असा अपमान तरी करत नाही." हशा झाला. तो ओसरू दिला. "हा असला अर्धा विश्वास काय कामाचा? खरा असेल तर आज घरी जा आणि ती बाटली मोरीत ओता. ओतवत नसेल तर मान्य करा, तुमचा देव बाटलीत राहतो."

लोकांनी बाकं वाजवली. मागच्या रांगेतला एक जाडा गृहस्थ हसता हसता खोकायला लागला, त्याला कुणीतरी पाणी दिलं. चिमणीला उतरताना भाऊनं हात दिला. तो अशा वेळी नेहमी हात द्यायचा.

परतताना दोघी बरोबर चालल्या.

"मनाला लावून घेऊ नकोस," अक्का म्हणाली. "त्याची बोलायची पद्धतच आहे ती."

"छे, लावून कशाला घेऊ? हुशार आहेत हो साहेब. एवढ्या वर्षांत मला असं सरळ कुणी विचारलंच नव्हतं."

ती दुखावली नाही हे बघून अक्काला हायसं वाटलं.

पुढचे काही दिवस चिमणी जरा गप्प होती, पण तोंडावर तेज होतं. अक्का विचारी, आली का? ती म्हणे, नाही. आणि एकदा कोपरा देता देता म्हणाली, "आता तर येणारच नाही." मागं जाताना तिनं चादर अशी झटकली की अक्काच्या हातून सुटता सुटता राहिली.

मग एका सकाळी ती कामावर आली नाही. मुकादमानं अक्काला दुसरीबरोबर जोडी लावून दिली, आणि त्या दुसरीबरोबर एकही कोपरा धड जुळेना. जेवणाच्या सुट्टीत बातमी आली. पोरीला सकाळी उठल्या उठल्या फिट आली होती. ती थांबली नाही. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

अक्का तशीच गेली. चिमणीची एकच खोली होती. पलंग, टेबल, कोपऱ्यात मोरी. पलंगावरची चादर बदललेली होती आणि काढलेल्या चादरीची घडी एकटीनं घातल्यासारखी वेडीवाकडी पडली होती. खिडकीत तपकिरी बाटली धुऊन उपडी घातली होती. धुलाईखान्यातल्या बाईच्या हातची, डाग म्हणून नाही.

"ओतून दिली," चिमणी म्हणाली. "त्याच संध्याकाळी. साहेब म्हणाले ते खरंच होतं. मी अर्धी अर्धी होते. एका हातात हे, एका हातात ते. असं कुणाला आवडेल? या वेळी पूर्ण ठेवला मी, अक्का. अगदी पूर्ण." मग बराच वेळ ती पलंगाच्या दांडीवरून हात फिरवत राहिली. "मग तरी का नेली?"

अक्कानं ती चादर उचलली, एक टोक चिमणीच्या हातात दिलं, आणि दोघींनी त्या एवढ्याशा खोलीत मागं-पुढं होत घडी घातली.

घरी आल्यावर तिनं भाऊला सांगितलं. तो जेवायला बसला होता. ऐकून त्याच्या हातातला घास ताटात गेला. थोडा वेळ तो अगदी लहान दिसला. अक्काला वाटलं, आता हा भिंतीकडं तोंड करून झोपेल. पण मग त्याचं डोकं चालू झालं. ते चालू झालेलं अक्काला दिसलंसुद्धा.

"मी असं कर म्हणून सांगितलं नव्हतं. कुठल्याही शहाण्या माणसाला..."

"शहाणी नव्हती म्हणूनच तर खुर्चीवर बसवलीस."

"तर्क असाच असतो, अक्का. गोष्ट टोकाला नेऊन दाखवायची. माणूस टोक बघतो आणि घाबरून मागं फिरतो."

"ती नाही फिरली."

"तो दोष तर्काचा नाही."

"इतके दिवस ती गोंधळात होती आणि पोर जिवंत होती," अक्का म्हणाली. "तू गोंधळ काढलास. आई गेली तेव्हा तो माणूस तुला काय म्हणाला होता, आठवतं? अर्धं मन म्हणाला होता."

भाऊ ताटावरून उठला. तीन दिवस तो तिच्याशी बोलला नाही.

पण रविवारी तो बोलला. श्रद्धेनं एक लेकरू मारलं, असं म्हणाला. देव बरं करेल म्हणून एका आईनं औषध फेकून दिलं, असं म्हणाला. मनापासून बोलला तो आणि त्यात खोटं काही नव्हतं. फक्त ते औषध फेकायला कुणी सांगितलं, तेवढं त्यानं गाळलं. त्याच हॉलमध्ये बाकं वाजवलेल्या लोकांनी डोळे पुसले. जाडा गृहस्थही होता. आपण कशाला हसलो होतो हे त्यातल्या एकालाही आठवलं नाही. माणसाला स्वतःचं हसणं फार दिवस लक्षात राहत नाही.

आणि भाऊ चिमणीकडं जाऊ लागला, हेही सांगायला हवं. रोज कचेरी सुटली की जायचा, तिला खायला घेऊन जायचा, तासन् तास बसायचा. तिला दुसरं कुणी नव्हतंच. देव नाहीच, त्यामुळं त्यानं नेली वगैरे काही नाही, हे त्यानं तिला फार मायेनं समजावलं. चिमणीनं ते मानलं. का नेली या प्रश्नाला दुसरं उत्तर तिला सापडत नव्हतं, हे तरी एक मिळालं. महिन्याभरात ती पुन्हा त्या खुर्चीवर बसली होती. आता नियम वेगळा होता. तिला हवं तितकं बोलू देत होते.

"मी माझ्या लेकीला मारलं," ती सांगायची. "देवाच्या नादानं. साहेबांनी मला आधीच बजावलं होतं."

हॉल इतका भरू लागला की लोक भिंतीला टेकून उभे राहत. बाहेरगावची बोलावणी येऊ लागली. त्याची तयारी म्हणून एका दुपारी भाऊ तिला घरी घेऊन आला. अक्का भाजी चिरत होती. ती दोघं टेबलाशी बसली.

"'मोरीत ओतली' म्हणालात की जरा थांबा," भाऊ म्हणाला. "लगेच पुढं जाऊ नका. लोकांच्या डोळ्यांपुढं येऊ द्या."

"किती थांबू?"

"एक मोठा श्वास घ्या."

"आणि रडू आलं तर, साहेब?"

"आलं तर येऊ द्या. आणू मात्र नका, ते कळतं."

अक्कानं सुरी खाली ठेवली. "का ओतलीस गं तू?"

"अंधश्रद्धा, अक्का," चिमणी म्हणाली, शाळेत धडा म्हणावा तशी.

"ते ह्यानं पढवलेलं झालं. तू का ओतलीस?"

"साहेब म्हणाले म्हणून." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. कुणी वेळ विचारावी आणि सांगावी, तसं.

"मी उलट अर्थानं म्हणालो होतो," भाऊ म्हणाला.

"हो ना. साहेबांनी बजावलं, मी ते सुलट घेतलं. डोकंच नाही मला."

"डोकं आहे तुला," अक्का म्हणाली. "त्यानं जे सांगितलं ते तू शब्दाला शब्द केलंस. त्यानं बजावलंबिजावलं नव्हतं. तो विनोद करत होता."

"अक्का," भाऊ हलकेच म्हणाला.

"विनोद?" चिमणीनं विचारलं.

"लोकांना हसवायला."

"मला नाही आठवत कुणी हसलेलं."

"सगळे हसले. तूही हसलीस."

अक्काला वाटलं होतं, हे सांगितलं की चिमणीच्या डोक्यावरचं ओझं उचलून भाऊच्या डोक्यावर जाईल. तेवढ्यासाठीच ती बोलली होती, निदान तिला तसं वाटत होतं. पण तसं काही होताना दिसेना. चिमणी टेबलावरचा हात उलटा करून तळव्याकडं बघत बसली, जणू काही धरलेलं होतं ते आता नाही.

"साहेब, परत म्हणा ना ते. तेव्हा म्हणालात तसं. आता मी नीट ऐकते."

"आता नाही आठवत," भाऊ म्हणाला. कॉलेजातल्या वादविवादातली भाषणं त्याला अजून तोंडपाठ होती.

"मग अक्का, तुम्ही म्हणा. तुम्ही होतात तिथं."

नको म्हणायला हवं होतं. पण अक्का उठून उभी राहिली. ह्या माणसाला बोलायला याच स्वयंपाकघरात तिनंच शिकवलं होतं. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा. आणि इतकं सांगितल्यावर उरलेलं झाकून ठेवणं तिला जमेना. त्यांच्या घराण्यालाच ते जमत नसे. ती बाजूला वळली, जरा थांबली आणि म्हणाली, "म्हणजे देवाचं काम कच्चं राहील म्हणून वर दोन चमचे."

"इथं हसले?"

"इथं थोडे." आणि तिनं पुढचंही म्हटलं, मोरीत ओता, देव बाटलीत राहतो, सगळं, त्याच्याच आवाजात, त्याच्याच खांद्यांनी. इतकं हुबेहूब की भाऊ खुर्चीत आक्रसला.

"आणि इथं?"

"इथं बाकं वाजवली."

चिमणी ऐकत होती. मान किंचित कलती, ओठ जरा उघडे. हसू कुठून येतं ते शोधत असावी. मग तिनं मान हलवली.

"हं. आता कळलं. चांगला होता." ती उठली. "देवापायी गेली असती तर एक वेळ समजलं असतं. माझ्या अडाणीपणापायी गेली, म्हणजे माझ्या हातानं गेली, असंच म्हणत होते मी. ही तर हसण्यावारी गेली, अक्का."

"चिमणे, बस जरा," अक्का म्हणाली.

"नको. बसून बसून काय करू?"

ती पुन्हा त्या हॉलमध्ये गेली नाही. देवाकडंही गेली नाही. भाऊनं अक्काला दोष दिला. म्हणाला, एक माणूस उजेडात आला होता, तो तू घालवलास. गर्दी ओसरली, पुढं तो हॉलही गेला. बहीण-भाऊ मरेपर्यंत एकाच घरात राहिले आणि मीठ दे, पाणी दे याच्या पलीकडं फारसं बोलले नाहीत.

चिमणी मात्र कामावर आली. अक्कासमोर येऊन तिनं आपले कोपरे धरले. जोडी मोडली नाही तिनं, हेच अक्काला सोसत नसे. चादर ताणायची, झटकायची, पुढं यायचं. काम पूर्वीइतकंच चोख. फक्त धुलाईखान्यात कुणी हसलं की ती जागच्या जागी थांबायची. ताणलेली चादर हवेत तशीच. मग चालत यायची आणि विचारायची, काय झालं? बायका आधी आधी सांगायच्या. समजावून सांगितलेला विनोद कसा मरतो ते ठाऊकच आहे. पुढं त्या तिच्यासमोर हसायला बिचकू लागल्या.

एकदा मुकादमाची टोपी वाफेच्या रोलरमध्ये गेली आणि पोळीसारखी सपाट होऊन दुसऱ्या बाजूनं बाहेर आली. त्यावर कुणीतरी म्हणालं, आता डोकंही घाला, मापात येईल. सगळ्या जणी पोट धरधरून हसल्या. चिमणी कोपरे हातात घेऊन अक्काजवळ आली.

"डोकं घाला म्हणाली ती."

"हो गं. गंमत केली."

"म्हणजे त्यात करायचं काही नाही ना?"

"नाही. काही करायचं नाही."

चिमणीनं कोपरे दिले नाहीत. "नीट सांगा, अक्का," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगा."